ड्रेड शेवटपर्यंत बदलत नाही, तरी आवडतो. असं का?

निवांत_नारायण:
सध्या जुने सायफाय ॲक्शन पिक्चर परत बघायचा सपाटा लावलाय, आणि त्यातही ठरावीक प्रकारचे, म्हणजे ज्यात हिरो कायद्याचा माणूस असतो पण असला खडूस आणि निर्दयी की त्याच्यापुढे व्हिलन परवडला. तर 2012 चा ड्रेड परत पाहिला, कार्ल अर्बनवाला. पोलीस तोच, न्यायाधीश तोच आणि गोळी घालणारा पण तोच. मेगा-सिटी वन, 80 कोटी वस्ती, दिवसाला 17 हजार गंभीर गुन्हे आणि त्यातल्या जेमतेम सहा टक्क्यांपर्यंत हे जज लोक पोचतात, हे तो नवीन पोरीला असं सांगतो जसं काय बसचं टाइमटेबल सांगतोय. मग पीच ट्रीज नावाच्या दोनशे मजली टॉवरमध्ये दोघं अडकतात, तिथल्या टोळीची म्होरकी, मा-मा नावाची बाई, सगळी दारं बंद करते आणि उरलेला पिक्चर नुसती मारामारी.

आता गंमत अशी की हा माणूस आत जाताना जसा होता तसाच बाहेर येतो. हेल्मेट काढत नाही, हसत नाही, कुणाला सॉरी म्हणत नाही, त्याला रात्री झोप लागत नाही असलं काही दाखवत नाहीत. आणि मला तो जाम आवडतो. उलट 1995 चा स्टॅलोनचा जज ड्रेड घ्या, त्यात त्याला सुधारायचा पूर्ण बंदोबस्त केलाय, खोट्या खुनाच्या केसमध्ये अडकवलाय, वर्दी काढून घेतलीय, भाऊ निघालाय, शेवटी साहेब माणसात येतात. आणि मला काडीचा फरक पडला नाही.

तर प्रश्न असा की असल्या कडक आणि थोड्या नासक्या हिरोचं रिडेम्प्शन, म्हणजे पाप धुऊन माणसात येणं, आपल्याला नक्की कशामुळे पटतं? की हे सगळं थोतांडच आहे, हिरोपेक्षा मोठा हरामखोर आणून उभा करायचा म्हणजे हिरो आपोआप स्वच्छ दिसतो? उदाहरणं देऊन बोला. सुपरहिरोंचं नको प्लीज, त्यांचे धागे ढिगाने आहेत.

पडद्यामागचा_पक्या:
नारायणराव, ड्रेड बदलत नाही हे अर्धंच खरं. तुम्ही त्याच्याकडे बघत बसलात, पिक्चरची गोष्ट मात्र अँडरसनची आहे, ती नवीन पोरगी. ती परीक्षेत थोडक्यात नापास झालेली आहे, पण मन वाचता येतं म्हणून वरच्यांना ती हवीय, म्हणून एक दिवस ड्रेडसोबत फिल्डवर पाठवतात. आणि नियम काय, हत्यार हातातून गेलं की ऑटोमॅटिक फेल. मध्येच तिचं हत्यार जातं. म्हणजे ती फेल, विषय संपला, हे तिलाही माहितीये आणि त्यालाही.

आता मधले दोन सीन आठवा. पहिल्याच धाडीत एक जखमी माणूस जमिनीवर पडलाय, ड्रेड शेजारी उभा, शिक्षा ठरलेली, ती थोडी थांबते आणि मग गोळी घालते. पुढे जीव वाचवायला ज्या बाईच्या घरात घुसतात तिथे अँडरसनला भिंतीवरच्या फोटोत तोच माणूस दिसतो. त्या बाईचा नवरा. ती बाईला काहीच सांगत नाही, पिक्चरपण त्यावर व्हायोलिन वाजवत नाही, पुढे निघतात. पण नंतर जेव्हा तिच्यासमोर तो कॉम्प्युटरवाला पोरगा येतो, ज्याचे डोळे मा-माने काढलेत आणि ज्याला धाकावर राबवून घेतलंय, तेव्हा ती त्याला सोडून देते. ड्रेड विचारतो का सोडलंस, तर ती सरळ म्हणते की मी तशीही फेल आहे, पण मूल्यमापन संपेपर्यंत निकाल द्यायचा अधिकार माझ्याकडे आहे आणि हा माझा निकाल, तो गुन्हेगार नाही, बळी आहे. ड्रेड गप्प बसतो.

आणि शेवटी चीफ जज विचारते, पोरगी कशी वाटली. पास, म्हणतो. बस. ज्या माणसाने आयुष्यभर नियमाच्या पुस्तकाबाहेर पाऊल ठेवलं नाही त्याने नियमाने फेल असलेल्या पोरीला पास केलं. त्याला स्वतःला चांगलं व्हायचं नाहीये, पण आपल्यापेक्षा बरा जज खात्यात येऊ शकतो आणि त्याला आत घ्यायला हवं एवढं त्याला कळलं. ॲलेक्स गार्लंडने लिहिलेली स्क्रिप्ट आहे ती, हा माणूस फालतू डायलॉग लिहीत नाही.

स्टॅलोनवाल्यात उलट आहे. त्यात तो रॉब श्नायडर, दंगलीत जीव वाचवायला रोबोच्या आत लपून बसलेला, त्याला ड्रेड पाच वर्षं आत टाकतो, सरकारी मालमत्तेशी छेडछाड म्हणून. तो म्हणतो मग मी काय करायला हवं होतं, तर हा म्हणतो खिडकीतून उडी मारायची. चाळिसाव्या मजल्यावरून? मेला असतास, पण कायदेशीर मेला असतास. हा सीन खरंच भारी आहे, पिक्चरमधला सगळ्यात भारी. पण मग पुढे काय, साहेबांवर स्वतःवर खोटी केस आली तेव्हा कायदा चुकू शकतो हे कळलं. स्वतःला चटका बसल्यावर शहाणपण कुणालाही येतं हो. आणि त्या श्नायडरच्या पाच वर्षांचं काय, तर तो पूर्ण पिक्चरभर जोकर बनून मागे मागे पळतोय.

दोन_नंबर_स्क्रीन:
वरच्या प्रतिसादाला +1. मोठा व्हिलन आणून हिरो धुऊन काढायचा याचं सगळ्यात निर्लज्ज उदाहरण पाहिजे असेल तर 1993 चा डिमॉलिशन मॅन. परत स्टॅलोनच. पोलीस जॉन स्पार्टन व्हिलनला पकडायला घुसतो, अख्खी बिल्डिंग उडते आणि नंतर मलब्यात ओलिसांची प्रेतं सापडतात, मग त्याला बर्फात गोठवून शिक्षा. इथपर्यंत जबरदस्त आयडिया आहे, की बाबा तुझ्या स्टाइलने माणसं मेली, आता भोग. 2032 मध्ये त्याला बाहेर काढतात आणि मग व्हिलन वेस्ली स्नाइप्स त्याच्या तोंडावर हसत सांगतो की अरे ते ओलिस तर तू यायच्या आधीच मेलेले होते. झालं!! एका वाक्यात सगळं पाप धुतलं. म्हणजे इतकी वर्षं बर्फात घालवली ती फुकट, पश्चात्ताप फुकट, आता आपण बिनधास्त टाळ्या पिटायला मोकळे.

बाकी पिक्चर धमाल आहे, संडासात कागदाऐवजी ठेवलेल्या तीन शिंपल्यांचा जोक अजून कुणाला कळलेला नाही, आणि गोठवलेल्या अवस्थेत त्याला विणकाम शिकवलेलं असतं हे बघून मी खुर्चीतून पडलो होतो. पण रिडेम्प्शन म्हणाल तर शून्य.

रोबोभाऊ:
माझ्या नावावरून कळलंच असेल मी कशावर बोलणार 😄

1987 चा रोबोकॉप. वेर्होव्हेनचा. लोक म्हणतात मशीनमधला माणूस परत जागा होतो, किती हृदयस्पर्शी वगैरे. मी हा पिक्चर इतक्या वेळा पाहिलाय की आता मला तो वेगळाच दिसतो. बघा, मर्फी मुळात खडूस पोलीस नव्हताच, साधा बापमाणूस, पोराला आवडतं म्हणून टीव्हीवरच्या हिरोसारखी पिस्तूल बोटावर फिरवून खिशात घालायचा. त्याला क्लॅरेन्स बॉडिकरची टोळी गोळ्यांनी चाळण करते आणि उरलेल्या मांसापासून ओसीपी कंपनी प्रॉडक्ट बनवते. खडूस होतो तो कंपनीने केला म्हणून. म्हणजे इथे पाप कंपनीचं आहे आणि त्याची शिक्षा मर्फी भोगतोय.

आता त्याला तीन आज्ञा दिलेल्या असतात, जनतेची सेवा, निरपराधांचं रक्षण, कायद्याचं पालन. चौथी गुप्त. चौथी काय ते डिक जोन्सला अटक करायला जातो तेव्हा कळतं, कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हात लावता येत नाही, लावायला गेला की मशीन बंद पडायला लागते. मला सांगा, याहून खरं काही दाखवलंय का कुठल्या पिक्चरमध्ये.

आणि शेवट! सगळ्यांना वाटतं की मर्फीची इच्छाशक्ती जिंकते. अजिबात नाही. डिक जोन्सने म्हाताऱ्या चेअरमनच्या डोक्याला पिस्तूल लावलंय, रोबोकॉप समोर उभा आहे आणि काहीही करू शकत नाही, मग म्हातारा ओरडतो डिक, यू आर फायर्ड, आणि नोकरीवरून काढल्याक्षणी तो अधिकारी राहिला नाही म्हणून चौथी आज्ञा लागू नाही, थँक यू म्हणून धाड धाड. म्हणजे आपल्या हिरोला स्वातंत्र्य एचआरने दिलं. आज्ञा तिथेच आहे आतमध्ये, उद्या दुसरा अधिकारी बसेल त्या खुर्चीत. त्यानंतर म्हातारा नाव विचारतो, तो मर्फी म्हणतो, आपल्या अंगावर काटा येतो, पिक्चर संपतो. वेर्होव्हेन हा डच माणूस बाहेरून येऊन अमेरिकेची अशी मस्करी करून गेला आणि आपण पोरं तेव्हा केबलवर नुसते सूट बघत होतो. (सूट रॉब बॉटिनने केलेला, तो मात्र आजही बघत बसावा असा.)

अजून एक. कोकेनच्या कारखान्यात तो क्लॅरेन्सला पकडतो तेव्हा एकेका काचेतून त्याला फेकत फेकत त्याचे कायदेशीर हक्क वाचून दाखवतो. नंतर गळा आवळतो, क्लॅरेन्स ओरडतो की तू पोलीस आहेस, आणि तिसरी आज्ञा आडवी येते, मग अटक करतो. पण शेवटी स्टील मिलमध्ये स्वतःच सांगतो की आता तुला अटक करत नाहीये, आणि मारून टाकतो. म्हणजे जेवढा तो माणूस होत गेला तेवढा कायद्यापासून लांब गेला. ह्याला रिडेम्प्शन म्हणायचं की सूड ते तुम्हीच ठरवा, मी तर प्रत्येक वेळी शिट्टी मारतो.

काळा_कोट:
रोबोभाऊंनी तो हक्क वाचण्याचा सीन काढलाच आहे म्हणून लिहिते. मी फौजदारी वकील आहे, त्यामुळे असले पिक्चर बघताना घरचे मला बाजूच्या खोलीत पाठवतात, कारण मी मध्ये मध्ये बोलते.

अमेरिकेत अटकेच्या वेळी जे वाचून दाखवतात ते मिरांडा केसमधून आलं, 1966 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल. तिकडच्या पोलीसपटांनी त्याची चेष्टा करून ठेवलीय. हिरोने हक्क वाचले म्हणजे तो नेभळट, आणि रोबोकॉपमध्ये तर हक्क वाचणं हाच मारहाणीचा भाग झालाय, ते मुद्दाम केलंय हे मान्य, प्रेक्षक हसतो आणि हसला म्हणूनच पकडला जातो. आपल्याकडेही अटकेची कारणं सांगणं आणि वकील गाठू देणं हे थेट घटनेच्या कलम 22 मध्ये आहे, आणि तरी हिरोने असं काही म्हटलेलं मी तरी थिएटरात ऐकलेलं नाही.

म्हणून मला मायनॉरिटी रिपोर्ट इतका लागला. स्पीलबर्गचा, 2002. 2054 सालचं वॉशिंग्टन, तीन माणसं पाण्यात पडून भविष्यातले खून बघतात आणि अँडरटनची टीम खून व्हायच्या आधीच खुन्याला उचलते. खटला नाही, वकील नाही, पुरावा म्हणजे कुणालातरी पडलेलं स्वप्न. टॉम क्रूझचा अँडरटन या सगळ्याचा मोठा भक्त आहे, कारण त्याचा मुलगा पळवला गेलाय. हातवारे करून ती दृश्यं उलगडतो तेव्हा शास्त्रीय संगीत वाजतं, किती थाट! आणि ज्यांना त्याने डोक्याला कडं घालून कायमचं झोपवून ठेवलंय ते हजारो लोक, त्यांच्यातलं एकही माणूस प्रत्यक्ष खुनी नाही.

मग त्याचंच नाव येतं. तो त्या हॉटेलच्या खोलीत पोचतो, समोर तो माणूस आहे ज्याच्याकडे मुलाचे फोटो सापडलेत, पिस्तूल रोखलेलं, वेळ होत आलेली, भविष्य सांगतंय की तू गोळी घालणार. आणि तो रडत रडत त्याचे हक्क म्हणायला लागतो. तुला गप्प राहण्याचा अधिकार आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अक्षरशः उठून बसले. आख्ख्या पिक्चरभर मारामारी, उडत्या गाड्या, कोळी रोबो, आणि क्लायमॅक्सचा हत्यार काय तर पोलीस ठाण्यात कंटाळून पुटपुटतात ती चार वाक्यं. तिथे तो माणूस बदलला. कारण त्या क्षणी त्याच्याकडे मारायची ताकद होती, कारण होतं, मारून सुटायची शक्यतापण होती, आणि त्याने ते सोडलं. पुढे तो माणूस स्वतःच पिस्तूल ओढून घेतो आणि मरतो हा भाग वेगळा.

नारायण, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. हिरो रडला, कुत्र्याला कुरवाळलं, लहान मूल वाचवलं, याने मला काही पटत नाही. हातात असलेली सत्ता वापरायची सोडली का एवढंच मी बघते. ड्रेडच्या बाबतीत पक्यांनी सांगितलेला पासवाला सीन त्यात बसतो, पण मा-माला नशा देऊन दोनशे मजल्यांवरून खाली फेकल्यावर, सॉरी, मला एवढ्यावर समाधान होत नाही.

निवांत_नारायण:
काळा कोट ताई, दंडवत. तो हॉटेलचा सीन मला आठवत होता पण मी तो नुसता सस्पेन्स म्हणून बघितला होता.

पण मग एक शंका. कुत्र्याचं म्हणालात म्हणून, इक्विलिब्रियम? 2002 चाच. त्यात ख्रिश्चन बेल भावना दाबायचं औषध घेणारा क्लेरिक, म्हणजे सरकारचा खास पोलीस, आहे, आपल्याच पार्टनरला कविता वाचतो म्हणून गोळी घालतो, आणि मग एक डोस चुकतो, हळूहळू जाणवायला लागतं, आणि खरंच एका कुत्र्याच्या पिल्लावर सगळं फिरतं. ते मला पटलं होतं राव. सत्ता तर त्याने काही सोडली नाही, उलट दोन्ही हातात पिस्तुलं घेऊन सगळी सरकारी यंत्रणा झोपवली.

आणि ब्लेड रनरचं काय?

दोन_नंबर_स्क्रीन:
इक्विलिब्रियममध्ये माणूस दयाळू झाल्याचं लक्षण म्हणजे आधीपेक्षा जास्त माणसं मारणं 😂 पिल्लू वाचवायला पंधरावीस पोलीस आडवे, त्यांच्या घरी पण पिल्लं असतील की.

पडद्यामागचा_पक्या:
ब्लेड रनर हा या यादीत असूनही नसल्यासारखा आहे. पोलीस डेकार्डचं काम काय, रेप्लिकंट म्हणजे माणसासारखे बनवलेले कृत्रिम जीव शोधून मारणं, आणि त्याला ते मारणं म्हणायचंच नाहीये, रिटायर करणं म्हणतात. पण रिडली स्कॉट दाखवतो काय, तर पारदर्शक रेनकोट घातलेली झोरा गर्दीतून जीव घेऊन पळतेय, काचांवर काचा फुटतायत आणि हा मागून पाठीत गोळ्या घालतोय. 1982 साली ज्यांनी हॅरिसन फोर्ड म्हणून तिकीट काढलं असेल त्यांना काय वाटलं असेल. नंतर तो बाटली विकत घेऊन ओठाचं रक्त पुसत बसतो, बस, एवढीच प्रतिक्रिया.

आणि शेवटी त्याला वाचवतो कोण तर रॉय बॅटी, ज्याला मारायला हा आलाय. गच्चीच्या कडेवरून डेकार्ड खाली पडताना रॉय त्याचं मनगट पकडतो. का, ते पिक्चर सांगत नाही. स्वतः मरायला दोन मिनिटं उरलेली असताना हा पोलिसाला जगू देतो. म्हणजे काळा कोट ताईंचा नियम लावला तर सत्ता सोडणारा तिथे रॉय आहे, डेकार्ड नाही. डेकार्डने नंतर केलं काय तर प्रेमात पडलेल्या रेप्लिकंट राशेलला घेऊन पळाला. नोकरी सोडली म्हणा. पण पाऊस, रात्र आणि व्हॅन्गेलिसचं म्युझिक यामुळे आपल्याला वाटतं की याच्या आत खूप काही घडलं असणार.

रस्त्यावरचा_मॅक्स:
तुम्ही सगळे वरून खाली येताय, मी खालून वर जातो. 1979 चा मॅड मॅक्स. इथे पोलीस आधी चांगला आहे आणि पिक्चर त्याला बिघडवतो. आणि हा मॅक्स काही जन्मजात खडूस नाहीये हां, तो स्वतः साहेबाला जाऊन सांगतो की मला आता या रस्त्यावरच्या पळापळीत मजा यायला लागलीये, अजून थोडे दिवस राहिलो तर मी त्या गुंडांसारखाच होईन, फक्त माझ्याकडे बिल्ला असेल एवढाच फरक. राजीनामा द्यायला आलेला असतो. साहेब म्हणतो सुट्टी घे, आणि त्या सुट्टीतच बायको आणि पोरगं रस्त्यावर चिरडले जातात.

मग तो काळी इंटरसेप्टर गाडी काढतो आणि शेवटच्या पोऱ्याला, जॉनीला, अपघात झालेल्या गाडीला पायाला बेडी घालून अडकवतो, पेट्रोल गळतंय, हातात हॅकसॉ देतो आणि सांगतो बेडी कापायला दहा मिनिटं लागतील, पाय कापायला पाच. आणि निघून जातो, मागे स्फोट, तो वळूनही बघत नाही. जॉर्ज मिलर हा आधी डॉक्टर होता, सिडनीत इमर्जन्सी वॉर्डात अपघातांच्या केसेस बघितलेला माणूस, त्यामुळे त्याला रस्त्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं ते नीट माहिती होतं. त्या सीनमध्ये तुम्हाला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत, पोटात ढवळतं.

मग 1981 चा दुसरा भाग. इथे तो पोलीस राहिलेलाच नाही, पेट्रोलसाठी कुणाशीही सौदा करणारा भटका. शेवटी गुंडांच्या वेढ्यात अडकलेल्या लोकांचा पेट्रोलचा टँकर स्वतः चालवायला तयार होतो, आता सूडही नाही उरलेला आणि मोबदलापण नाही, गाडी गेली, कुत्रा गेला, डोळा सुजलाय. जीव खाऊन टँकर चालवतो, अर्धे लोक मरतात, टँकर उलटतो, आणि आतून काय निघतं तर वाळू. खरं पेट्रोल दुसऱ्या गाड्यांतून पिंपात भरून केव्हाच पुढे गेलेलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! तो त्या वाळूकडे बघतो आणि हसतो. मला त्या हसण्यात जेवढं रिडेम्प्शन दिसतं तेवढं कुठल्या भाषणात दिसलं नाही. लोक पुढे निघून जातात, तो रस्त्यावर एकटा. त्याला सोबत पण घेत नाहीत, किंवा तोच जात नाही.

फ्युरी रोडमध्ये (2015) तर बया फ्युरिओसा स्वतःच्या तोंडाने सांगते की मला रिडेम्प्शन हवंय, आणि मॅक्स तिला म्हणतो मग परत चल, जिथून पळालीस तिथेच. ते पण भारी, पण माझं मत वाळूला.

प्रॉग_दोन:
बराच वेळ वाचतोय, आता राहवत नाही. तुम्ही सगळे पिक्चरवाले, मी कॉमिक्सवाला. ड्रेड आला 1977 मध्ये, 2000 एडी या ब्रिटिश साप्ताहिकाच्या दुसऱ्या अंकात. लिहिणारा जॉन वॅग्नर, रूप दिलं कार्लोस एझकेराने, जो स्पेनचा, फ्रँकोच्या काळात वाढलेला. ती खांद्यावरची गरुडाची भली मोठी प्लेट, साखळ्या, चेहरा झाकलेला, हे सगळं बघून हिरो वाटावा म्हणून काढलेलंच नाहीये. वॅग्नरच्या डोक्यात डर्टी हॅरी होता, क्लिंट ईस्टवुडचा तो खडूस पोलीस. पण डर्टी हॅरी निदान शेवटी बिल्ला पाण्यात फेकतो, ड्रेडची गोष्ट अशी की बिल्ला फेकायला जागाच नाही, अख्खं शहरच बिल्ल्याचं आहे.

आणि रिडेम्प्शन म्हणाल तर ऐका. 1982 च्या अपोकॅलिप्स वॉर नावाच्या गोष्टीत हा तुमचा लाडका ड्रेड शत्रूच्या शहरावर अण्वस्त्रं सोडायचं बटण स्वतः दाबतो. ईस्ट-मेग वन, पन्नास कोटी माणसं. खलास. समोरचे दयेची भीक मागत असताना. 1990 मध्ये अमेरिका नावाची गोष्ट आली, त्यात एक स्थलांतरिताची मुलगी लोकशाहीसाठी लढते आणि तिला मारणारी व्यवस्था म्हणजे ड्रेड. तिथे तो सरळसरळ व्हिलन आहे आणि वाचणाऱ्याला ते कळतं. त्यात आणखी गंमत म्हणजे कॉमिकमध्ये तो खऱ्या वेळेनुसार म्हातारा होतो, वर्ष सरलं की त्याचंही वय वाढतं, आणि मध्ये एकदा त्याला खरंच शंका येते, एका लहान पोराच्या पत्रावरून, आणि तो बिल्ला सोडून शहराबाहेर चालता होतो. आणि मग परत येतो, कारण शहरावर त्याहून भयंकर जज चालून आलेत, ज्यांच्या मते जिवंत असणं हाच गुन्हा. बघा, मोठा व्हिलन आलाच शेवटी 😀 पण इथे वॅग्नर त्याला धूत नाही. परत आल्यावर तो लोकशाही हवी का यावर मतदान घ्यायला लावतो, आणि लोक स्वतःच मतदान करून जजेस निवडतात, ते पण निम्म्याहून जास्त लोक मतदानाला न येता. आता बोला.

म्हणून मला काळा कोट ताईंचं पटतं पण पूर्ण नाही. एकट्या ड्रेडने सत्ता सोडली तर वाचकाला बरं वाटेल, की चला, माणूस सुधारला म्हणजे खातं सुधारेल. वॅग्नरने ते बरं वाटणं चाळीसेक वर्षं दिलंच नाही. 2012 च्या पिक्चरने निदान ही एक गोष्ट नीट पकडली, हेल्मेट काढलं नाही. चेहरा दिसला की आपण त्याला माफ करायला लागतो.

काळा_कोट:
प्रॉग_दोन, हे छान लिहिलंत. मतदानाची गोष्ट मला माहिती नव्हती, ती कुठे वाचायला मिळेल ते सांगा. पण एक विचारते, मग वाचकाला हाती काय लागतं? व्यवस्था वाईट आहे आणि वाईटच राहणार एवढंच? माझ्या रोजच्या कामात मला एखादा हवालदार भेटतो जो पंचनामा खोटा करायला नकार देतो, खातं काही बदलत नाही पण त्या एका आरोपीचं आयुष्य बदलतं. पिक्चरने तेवढं दाखवलं तर तो खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही.

लाईन_क्वार्टर:
वडील पोलीस खात्यात होते, लाईनीतच वाढलो, म्हणून दोन शब्द. धागा सायफायचा आहे पण हे सगळं वाचताना मला सारखा अर्धसत्य आठवत होता. 1983, निहलानी, पटकथा तेंडुलकरांची, मूळ गोष्ट पानवलकरांची. ओम पुरीचा वेलणकर कोठडीत एका पोराला मारतो आणि तो पोरगा मरतो. आणि मग नोकरी वाचवायला जातो कुणाकडे, तर ज्या रामा शेट्टीला पकडायला आयुष्य घालवलं त्याच्याकडेच. तो अट घालतो की तू माझा माणूस हो, तेव्हा हा त्याचा गळा आवळून मारतो, आणि स्वतः ठाण्यात जाऊन हजर होतो.

आता वर जे चाललंय ते लावून बघा. मोठा व्हिलन आहे, त्याला हिरो मारतो पण, थिएटरात शिट्ट्यापण पडल्या असतील. पण कोठडीतला तो पोरगा मेलेलाच राहतो. रामा शेट्टी मेल्याने तो हिशोब मिटत नाही आणि वेलणकरला ते माहितीये म्हणून तो ठाण्यात जातो. डिमॉलिशन मॅनवाल्यांनी हाच पिक्चर केला असता तर शेवटी कळलं असतं की पोरगा आधीच हार्ट अटॅकने गेला होता.

घरी हा पिक्चर टीव्हीवर लागला की वडील चॅनल बदलायचे नाहीत, पण बोलायचेही नाहीत. इतर पोलीसपटांवर मात्र जाम हसायचे, विशेषतः हिरो एकटाच धाडीला जातो तेव्हा.

रोबोभाऊ:
लाईन क्वार्टर, एकदम बरोबर पॉइंट. आणि यावरून आठवलं, 2014 चा नवा रोबोकॉप कुणी बघू नका असं मी सांगणार होतो, पण त्याचा दिग्दर्शक जोझे पाडिल्या हा ब्राझीलचा, त्याचा 2007 चा एलिट स्क्वॉड मात्र जरूर बघा, बर्लिनला गोल्डन बेअर मिळालेला. सायफाय नाही, रिओच्या वस्त्यांत घुसणाऱ्या बोपे नावाच्या खऱ्याखुऱ्या पोलीस तुकडीवर आहे. कॅप्टन नासिमेंतो प्लास्टिकची पिशवी तोंडावर घालून माहिती काढतो, आणि गोष्ट तोच सांगतोय आपल्याला, त्यामुळे तासाभरात आपण त्याच्या बाजूने विचार करायला लागतो. त्यावरून ब्राझीलमध्ये भांडणं झाली, अर्धे म्हणाले हा फॅसिस्ट पिक्चर आहे, आणि अर्ध्या लोकांनी त्या कॅप्टनला हिरो करून टाकलं. म्हणजे प्रेक्षकाने ऐकायचंच नाही ठरवलं तर दिग्दर्शक काय करणार.

ज्या माणसाने हे बनवलं त्याला हॉलिवूडने रोबोकॉप दिला आणि रक्त दाखवायचं नाही अशी रेटिंग गळ्यात मारली. सूट काळा केला, एक हात माणसाचा ठेवला, आणि बायको पहिल्यापासून सोबत, मग परत मिळवायचं काय राहिलं.

निवांत_नारायण:
अर्धसत्य लहानपणी तुकड्या तुकड्यांत पाहिला होता, आता नीट बघतो. एलिट स्क्वॉड पण लिस्टवर.

प्रॉग_दोन, ताईंनी विचारलंय ते सांगा की, मतदानवाली गोष्ट कुठल्या कलेक्शनमध्ये आहे. आणि पक्या, तुम्ही पिच ब्लॅकवर काहीच बोलला नाहीत, मला वाटलं तुम्ही पहिला तोच काढाल.

प्रॉग_दोन:
द कम्प्लीट केस फाइल्स म्हणून जाडे जाडे खंड निघतात, त्यात सगळं क्रमाने मिळतं. नवीन माणसाने पहिल्या खंडापासून सुरू करू नये, सुरुवातीचं जरा बाळबोध आहे. पाचव्यात अपोकॅलिप्स वॉर आहे, तिथून घुसा. ताई, मतदान बरंच पुढे येतं, नेक्रोपोलिस नावाची गोष्ट संपल्यानंतर, पण आधीचं वाचल्याशिवाय त्याची मजा नाही.

पडद्यामागचा_पक्या:
पिच ब्लॅक मुद्दाम ठेवला होता कारण त्यात खेळ उलटा आहे. 2000 सालचा, तीन सूर्यांचा ग्रह, ग्रहण लागतं आणि अंधारात जनावरं बाहेर येतात. रिडिक हा खुनी कैदी, आणि त्याला नेणारा जॉन्स म्हणजे निळ्या वर्दीतला पोलीस, असं वाटतं. मग कळतं तो पोलीसबिलीस नाही, बक्षिसासाठी माणसं पकडणारा, वर मॉर्फिनचं व्यसन. अंधारात चालताना रिडिकला हळूच म्हणतो की त्या लहान पोरीला मारून मागे ओढत नेऊ, जनावरं तिच्या मागे लागतील. तिथे खुनी कैदी नाही म्हणतो. मग तुम्ही म्हणाल हा पण मोठ्या व्हिलनचाच फॉर्म्युला, तर हो, आहे. पण त्यानंतर रिडिक एकटाच यानापर्यंत पोचतो आणि बाकीच्यांना सोडून उडायच्या तयारीत बसलेला असतो, म्हणजे जॉन्सला नाही म्हणाल्याने तो काही संत झालेला नाही. पायलट फ्राय पावसात येऊन त्याच्याशी भांडते, तो तिला पण ऑफर देतो की चल, बाकीचे राहू देत, आणि ती मोहात पडता पडता मागे फिरते. परत येताना तीच मरते, त्याला उचलून आणताना. तो ओरडतो की माझ्यासाठी नको.

ताईंच्या नियमात हे कुठे बसतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्याकडे सत्ता नव्हतीच, होतं ते फक्त यान.

काळा_कोट:
त्या ग्रहावर यान म्हणजेच सत्ता हो. बसतं की.